कांद्याचें घरचें बीं

इतिहासाच्या ग्रंथांतून कापूरहोळ हें नांव येतें तें बहुधा एकाच कारणानें. पुरंदर किल्ल्यावर १४ मे १६५७ रोजीं संभाजीराजांचा जन्म झाला. मातोश्री सईबाईंची प्रकृति नाजूक असल्यामुळें बाळराजांस दूध पाजण्याकरितां ह्या गांवच्या गाडे घराण्यांतील धाराऊ हिला गडावर नेण्यांत आलें, अशी परंपरा आहे. सईबाई पुढें ५ सप्टेंबर १६५९ रोजीं राजगडावर निवर्तल्या, आणि धाराऊचें नांव राजांची दूधआई म्हणून महाराष्ट्राच्या स्मृतींत कायम झालें. पुण्याहून साताऱ्यास जाणारा हमरस्ता कात्रजचा डोंगर ओलांडून, खेड-शिवापूर मागें टाकून येथें येतो, व येथूनच भोरास जाणारा फाटा फुटतो. म्हणून आजच्या प्रवाशास कापूरहोळ ठाऊक असतें तें केवळ वळणाचें ठिकाण म्हणून. परंतु ज्या घरांतून धाराऊ गडावर गेली त्या घराच्या परसांत काय पिकत होतें, तिच्या भाकरीशीं तोंडीं लावण्यास काय होतें, ह्याविषयीं आमचे इतिहासग्रंथ मुके आहेत. राजाच्या दुधाची नोंद राहिली. तें दूध ज्या अन्नावर आलें त्याची राहिली नाहीं.

हा दोष इतिहासकारांचाच आहे असें म्हणतां येत नाहीं. सनदा, महजर, करीने हे कागद वतनाकरितां झाले. वाफ्याकरितां कोणी कागद करीत नसे. मग ज्याचा कागदच नाहीं त्याचा इतिहास लिहावयाचा कसा? आमच्या मतें अशा ठिकाणीं खुद्द पिकासच कागद मानून तें वाचावें लागतें, आणि ह्या कामीं कांद्याइतका बोलका साक्षीदार दुसरा नाहीं. कारण कांद्याचें बीं अल्पायुषी असतें. आपल्या दमट हवेंत तें वर्षभराच्या पुढें फारसें भरंवशाचें राहत नाहीं. दुसऱ्या वर्षीं कांहीं उगवतें, तिसऱ्या वर्षीं आशाच सोडावी. दुष्काळांत एखादें वर्ष पेरा चुकला तरी कणगींत जपून ठेवलेल्या ज्वारीचें बीं पुढल्या पावसाळ्यास कामीं येतें. कांद्यास ती सवड नाहीं. म्हणून आज एखाद्या गांवाचा म्हणून ओळखला जाणारा कांदा वाफ्यांत उभा असेल, तर त्याचा अर्थ एवढाच कीं मधल्या साऱ्या पिढ्यांतून, दुष्काळ, पटकी, लढाया व कर्जबाजारीपणा ह्यांतून, कोणी ना कोणी तें बीं न चुकतां धरीत आलें. ह्या साखळींतील एक कडी निसटली असती तर तो कांदा आज नसता. कोणत्याहि दप्तराचा पुरावा ह्याहून खणखणीत असूं शकेल काय?

कांद्याचें मूळ घर हिंदुस्थानांत नव्हे. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मतें तो मध्य आशियांतील, म्हणजे इराण, अफगाणिस्तान व त्यांच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखांतील होय. चमत्कार हा कीं, आपण लावतों त्या कांद्याची रानटी जाति आज कोठेंहि आढळत नाहीं. त्याचे चुलतभाऊ तेवढे त्या डोंगरांत सांपडतात. मनुष्यानें त्यास इतक्या प्राचीन काळीं हाताशीं धरलें कीं, मनुष्याच्या हातावांचून आतां त्यास वंशच उरलेला नाहीं. मिसर देशांत तर तो राजांच्या प्रेतांबरोबर पुरण्यांत येई. चौथ्या रामसेसच्या जतन केलेल्या शवाच्या डोळ्यांच्या खोबणींत कांदे बसविलेले आढळले आहेत. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस ह्यास मोठ्या पिरॅमिडवरील एक लेख वाचून दाखविण्यांत आला, तो मजुरांस दिलेल्या मुळे, कांदे व लसूण ह्यांच्या खर्चाचा आहे असें दुभाष्यानें त्यास सांगितलें, आणि तो खर्च सोळाशें टॅलेंट रुपें इतका होता. दुभाष्यानें थाप मारली असेल. पण थाप मारावयास सुद्धां कांदाच सुचला, हें लक्ष्यांत घेण्यासारखें आहे.

नांवाचा इतिहासहि मनोरंजक आहे. रोमन शेतकरी ह्यास 'युनिओ' म्हणत. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ एकटा, मोठा मोतीं असा होता, आणि फ्रेंच भाषेच्या वाटेनें त्याचाच इंग्रजी 'अनियन' झाला. आमच्या मराठीनें संस्कृत 'कंद' शब्दाचा 'कांदा' केला; म्हणजे जमिनीखालच्या साऱ्या कंदांत हाच काय तो कंद, असा जणूं निवाडा दिला. अमरकोशांत पलांडूस 'सुकंदक' असा पर्याय आहे, तो ह्याच मताचा. मिरची, बटाटा व टोमॅटो हीं मंडळी १४९८ नंतर समुद्राच्या वाटेनें आलेलीं. आज त्यांवांचून आमचें स्वयंपाकघर चालत नसलें तरी तीं नवीं आहेत. कांदा त्यांच्या पुष्कळ आधींचा.

तो पुष्कळ आधींचा ह्याचा मोठा पुरावा त्याच्या निषेधांतच आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत लसूण, गाजरासारखा गृंजन, कांदा व अळंबीं हीं द्विजांस अभक्ष्य ठरविलीं आहेत, आणि जाणूनबुजून खाणाऱ्यास पतित म्हटलें आहे. जें कोणी खातच नाहीं त्याचा निषेध कोणी स्मृतिकार करीत नसतो. पांचव्या शतकाच्या आरंभीं आलेला चिनी यात्रेकरू फाहियान मध्यदेशांतील लोक कांदा-लसूण खात नाहींत, खातात ते गांवाबाहेरचे, असें लिहितो. सातव्या शतकांत आलेला ह्युएनत्संगहि कांदा-लसूण खाणारे थोडे व ते वस्तीबाहेर घालविले जातात असेंच सांगतो. हे दोघेहि ज्या मठांतून व नगरांतून उतरले तेथील शिष्टांचें बोलणें त्यांनीं टिपून घेतलें. मळ्यांत राबणाऱ्या माणसाच्या फडक्यांत काय बांधलेलें होतें हें पाहण्याचें त्यांना कारण पडलें नाहीं.

दुसऱ्या बाजूस आमचे वैद्य मात्र अधिक मोकळ्या मनाचे होते. चरकसंहितेंत पलांडूचे गुणदोष इतर अन्नाप्रमाणेंच शांतपणें सांगितले आहेत. १८९० सालीं चिनी तुर्कस्तानांतील कुचा येथें सांपडलेल्या बॉवर पोथीचा आरंभच लसणीच्या प्रशस्तीनें होतो. आणि ब्राह्मणानें लसूण खाऊं नये ह्या नियमांतून वाट काढण्याकरितां तींत अशी युक्ति दिली आहे कीं, गाईस कांहीं दिवस गवत न देतां मग लसूण घालावी आणि तिचें दूध ब्राह्मणानें घ्यावें. शास्त्राचा मान राहिला व औषधहि पोटांत गेलें! नियम मोडूं नये पण त्याच्या कडेनें जावें, ही आमच्या समाजाची हातोटी दीड हजार वर्षांची जुनी आहे, हें ह्यावरून दिसतें.

ह्याच हातोटीचें घरगुती उदाहरण म्हणजे आमची कांदेनवमी. आषाढ शुद्ध नवमीस घरोघर कांद्याचीं भजीं, थालीपिठें, झुणका, भरलें वांगें असा बेत होतो, आणि एकादशीपासून चार महिने कांदा, लसूण व वांगें वर्ज्य होतात. ज्यांच्या घरीं स्मृतींचें पठण होई त्यांच्याच घरीं ही नवमी सणाप्रमाणें पाळली जाई, ह्यांत मौज आहेच. पण ह्या चालींत शेताचें गणितहि दडलेलें असावें असा आमचा तर्क आहे. उन्हाळी कांदा चैत्र-वैशाखांत निघतो व सांठविला जातो. पाऊस लागला कीं सांठ्यांत ओल शिरते, कांद्यास कोंब फुटतात, कांहीं सडतात. नवा पावसाळी कांदा येतो तो दिवाळीच्या सुमारास, म्हणजे कार्तिकी एकादशीच्या आगेंमागें. तेव्हां आषाढी ते कार्तिकी हा काळ कांद्याच्या टंचाईचा, आणि नेमका तोच चातुर्मास! व्रत धर्मानें सांगितलें असेल. तें पाळणें सोपें केलें मात्र ऋतूनें. ज्याला बाराहि महिने कांद्यावांचून भाकर गोड लागत नाहीं त्या वर्गाचा प्रश्न निराळा होता, आणि त्याच्या बाजूनें एक थोर साक्ष महाराष्ट्रांत आहे. सोलापूर जिल्ह्यांतील अरणचे संत सांवता माळी शके १२१७, म्हणजे १२९५ सालीं समाधिस्थ झाले. पंढरपूर हाकेच्या अंतरावर असतां मळा सोडून न जातां त्यांनीं आपल्या भाजीपाल्यांतच, स्मृतीनें टाकलेल्या कांद्यासुद्धां, देव ओळखला. धर्मशास्त्रानें ज्यास पंक्तीबाहेर बसविलें त्यास एका माळ्यानें देव्हाऱ्यांत बसविलें, ही आमच्या सामाजिक इतिहासांतील लहान गोष्ट नव्हे.

असो. आतां कांद्याच्या प्रत्यक्ष जीवनक्रमाकडे वळूं. कारण तो ठाऊक असल्याखेरीज बीं धरण्याच्या कामांतील अवघडपणा ध्यानांत यावयाचा नाहीं. कांदा हें मूळचें दोन हंगामांचें झाड. पहिल्या हंगामांत बियापासून रोप व रोपापासून कांदा होतो. तो कांदा म्हणजे पुढल्या हंगामाची शिदोरी होय. तो काढून, विसावा देऊन पुन्हां लावला म्हणजे थंडीच्या दिवसांत त्यांतून पोकळ दांडा वर येतो, त्यास आमचे शेतकरी डेंगळा म्हणतात. दांड्याच्या टोंकास पांढऱ्या फुलांचा गोंडा येतो, आणि गोंड्यांत काळें, तिकोनी बीं भरतें. आपण कांदा खातों म्हणजे त्या झाडाचा प्रवास अर्ध्यावर तोडतों. बीं हवें असेल तर चांगल्यांतला चांगला कांदा, जो ताटांत जावयाचा, तोच मातींत परत घालावा लागतो. बीं धरणें म्हणजे थोडा उपास करणें होय.

महाराष्ट्रांत कांद्याचे तीन हंगाम होतात. जेठ-आषाढांत रोप टाकून श्रावणाच्या आगेंमागें लावलेला, दिवाळीस निघणारा तो पावसाळी किंवा पोळ कांदा. भादव्यांत रोप टाकून पौष-माघांत निघणारा तो रांगडा. आणि दिवाळीच्या सुमारास रोप टाकून, मार्गशीर्ष-पौषांत लावून, चैत्र-वैशाखांत काढलेला तो उन्हाळी किंवा गरवा. टिकतो तो हाच तिसरा. कापूरहोळचें स्थान ह्या दृष्टीनें मधलें आहे. पश्चिमेस भोर-वेल्ह्याच्या मावळांत पाऊस मोठा, तेथें भाताचें राज्य. पूर्वेस पुरंदरच्या पठाराकडे पाऊस उतरत जातो व कांद्यास मानवणारा कोरडेपणा येतो. म्हणून ह्या मधल्या पट्ट्यांत पावसाळी कांदा लावणाऱ्यास जपावें लागतें. सपाट वाफ्यांत पाणी तुंबलें कीं रोप मान टाकतें. त्याकरितां वीतभर उंच गादीवाफा करून निचरा ठेवणें हा पहिला नियम. उन्हाळी कांद्यास मात्र विहिरीचें पाणी असेल तर हा मुलूख चांगला.

घरच्यापुरता कांदा करण्यास जागा किती लागते, ह्याचा हिशेब सोपा आहे. पांच माणसांच्या घरांत रोज चार कांदे धरले तर सहा महिन्यांस सुमारें सव्वासातशें होतात. रोपें दोन ओळींत पंधरा व दोन रोपांत दहा सेंटिमीटर अंतरानें लावलीं असतां एका चौरस मीटरांत साठ-पासष्ट बसतात. म्हणजे अकरा-बारा चौरस मीटरांची, एका मोठ्या खोलीएवढी जागा पुरे. दहा ग्रॅम बियांत अडीच हजारांच्या आसपास दाणे असतात. त्यांतून मर वजा जातां हें सारें रोप निघून शेजारघरीं देण्यासहि उरतें. रोप सहा-सात आठवड्यांचें झालें म्हणजे उपटून, वाफा भिजवून लावावें. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं हलकें पाणी द्यावें, त्यास आंबवणी म्हणतात. पुढें दोन खुरपण्या. पात पिवळी होऊन निम्म्याअधिक झाडांच्या माना आपोआप पडल्या कीं कांदा तयार झाला. त्याच्या आधीं दोनतीन आठवडे पाणी तोडावें. पाणी तोडण्याचा धीर ज्यास नाहीं त्याचा कांदा टिकत नाहीं. काढलेला कांदा पातीसह सुकवून, मान बोटभर ठेवून पात कापावी व सावलींत वाऱ्यावर पसरावा.

पावसाळी कांद्याकरितां दुसरी एक वाट आहे, ती घरगुती लागवडीस फार सोयीची. माघाच्या सुमारास बीं दाट पेरतात. दाटीमुळें कांदे पोसत नाहींत, बोराएवढेच राहतात. वैशाखांत ते पातीसकट उपटून, जुड्या बांधून वाऱ्यावर टांगतात, आणि पावसाचा पहिला जोर ओसरल्यावर श्रावणांत तेच बारीक कांदे वाफ्यांत खोचतात. नाजूक रोपास जो पाऊस मारून टाकतो तो ह्या कांद्यास मारीत नाहीं, कारण त्यास पोटांतली शिदोरी असते. आणि पीक दिवाळीपर्यंत हातीं येतें. मात्र निवड डोळसपणें करावी. दीड ते दोन सेंटिमीटर जाडीचा कांदा उत्तम. त्याहून बारीक घेतला तर तो सुकून जातो. बराच मोठा घेतला तर तो आपणांस प्रौढ समजून कांदा धरण्याऐवजीं डेंगळा टाकतो, किंवा फुटून जोडकांदा होतो. बाजारांत ज्यास गोल्टी अथवा चिंगळी म्हणून हिणवितात, तोच माल येथें बियाण्याच्या पदवीस चढतो.

आतां एका ऐतिहासिक अपयशाचा उलगडा. इंग्रजी अमदानींत साहेबलोकांच्या बागांकरितां विलायतेहून भाजीपाल्याचें बीं येत असे. कोबी, फुलकोबी, वाटाणा हीं त्यांतून रुजलीं. पण विलायती कांद्याचें बीं दक्षिणेंत पेरलें तर पात भरघोस येई आणि खालीं कांदा धरत नसे. ह्याचें कारण १९२० पर्यंत जगांत कोणासच नीट ठाऊक नव्हतें. त्या वर्षीं अमेरिकन सरकारच्या शेतकी खात्यांतील गार्नर व अलार्ड ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं दिवसाच्या लांबीचा वनस्पतींवर होणारा परिणाम सिद्ध करून दाखविला. उत्तरेकडील कांद्यास कांदा धरण्याकरितां चौदा-सोळा तासांचा दिवस लागतो. आमच्या अठरा अक्षांशांवर वर्षांतील मोठ्यांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या पुढें जात नाहीं. तेव्हां तो बिचारा परदेशी कांदा, कधींहि न येणाऱ्या दिवसाची वाट पाहत नुसता पात वाढवीत राही. आमचा कांदा दहा-बारा तासांच्या दिवसावर गोळा होतो, आणि तो इंग्लंडांत नेला तर वेळेआधींच गोळा होऊन बोराएवढा राहील. ह्याचा अर्थ असा कीं, मध्य आशियांतून निघालेला कांदा दक्षिणेकडे येतां येतां, प्रत्येक मुक्कामावर तेथील शेतकऱ्यांनीं, ज्या थोड्या झाडांनीं आखूड दिवसांत कांदा धरला त्यांचेंच बीं राखून, नवा घडविला. त्यांनीं प्रकाशाच्या तासांचें गणित मांडलें नाहीं. पण त्याचें उत्तर मात्र बरोबर काढलें. आम्ही इंग्रजी विद्येवर पोसलेले लोक परदेशाहून पुष्कळ आणूं शकलों, पण कांदा आणूं शकलों नाहीं. तो येथल्याच अडाणी म्हटलेल्या हातांकडून घ्यावा लागला.

परंतु बीं घरीं धरणें म्हणजे एकट्या घराचें काम आहे अशी समजूत असेल तर ती चुकीची. कांद्याच्या फुलांतील पराग आधीं गळतो व स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. म्हणून परागाची देवघेव मधमाश्यांवर अवलंबून असते, आणि मधमाशी शेताचा बांध ओळखत नाहीं. एकानें तांबडा व दुसऱ्यानें पांढरा कांदा बियास लावला तर दोघांचेंहि बीं मिसळतें. शुद्ध बियाकरितां दोन जातींत किलोमीटराहून अधिक अंतर ठेवावें लागतें. उलट, कोणी दोन-चारच कांद्यांचें बीं पिढ्यान् पिढ्या धरूं लागला तर जवळच्या सोयरिकीनें वंश दुबळा होतो, कांदे लहान पडतात. म्हणून बियास निदान पन्नास-शंभर कांदे हवेत, आणि अधूनमधून त्याच जातीचें बीं शेजाऱ्याशीं बदललें पाहिजे. म्हणजे बीं घरचें खरें, पण त्याची शुद्धता गांवाची. एखाद्या गांवाचा कांदा प्रसिद्ध होतो तेव्हां त्याचा अर्थ, त्या गांवानें न लिहितां, न सही करतां, एक करार पिढ्यान् पिढ्या पाळला, असाच होतो.

असे करार पुण्याच्या आसपास झालेले आहेत. दिवे घाटाच्या पायथ्याकडील फुरसुंगीचा उन्हाळी कांदा टिकाऊपणाबद्दल नांवाजलेला. कोंकणांत अलिबाग तालुक्यांतील पांढऱ्या कांद्याचा उल्लेख १८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरांत आढळतो. भाताच्या मागून, उरलेल्या ओलीवर तो होतो, आणि पातींच्या वेण्या घालून त्याच्या माळा विकावयास टांगतात. ह्या वेण्या घालण्याचें, बियाचे कांदे निवडण्याचें, गोंडे झोडपून बीं पाखडण्याचें काम बहुतेक बायकांचें. गोंड्यांतील दहा-वीस बोंडें उकलून काळें बीं दिसूं लागलें कीं तो खुडावा, साऱ्यांची वाट पाहूं नये, नाहीं तर निम्में बीं मातींत जातें, हें शेतकी विद्यालयांच्या पुस्तकांत येण्याच्या पुष्कळ आधीं त्यांस ठाऊक होतें. धाराऊचें नांव तरी राहिलें. ह्यांपैकीं एकीचेंहि नांव राहिलें नाहीं.

घरच्या कांद्याची किंमत एखाद्या राष्ट्रास अडचणींतच कळते. १९४० च्या उन्हाळ्यांत जर्मनांनीं फ्रान्सचा ब्रिटनी किनारा व खाडींतील बेटें घेतलीं, आणि बाहेरून कांदा आणून खाणाऱ्या इंग्लंडांत कांदा एकाएकीं दिसेनासा झाला. साम्राज्याच्या राजधानींत कचेऱ्यांतून एकेका कांद्याची सोडत निघूं लागली, आणि सरकारास अंगणाअंगणांतून कांदा लावण्याचा उपदेश करावा लागला. तो उपदेश ऐकूनहि पहिल्या वर्षीं पुष्कळांचें अडलें, तें बियावांचून. आमच्याकडेहि १९४२-४३ च्या सुमारास 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम निघाली; पण येथील खेड्यांस बीं बाहेरून मागवावें लागलें नाहीं, कांद्यापुरतें तरी तें कणगीमागच्या मडक्यांत होतेंच.

त्याच सुमारास अमेरिकेंत ह्या मडक्यास प्रतिस्पर्धी जन्मास येत होता. १९२५ सालीं कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथें हेन्री जोन्स ह्या संशोधकास तांबड्या इटालियन कांद्याच्या वाफ्यांत एक झाड असें आढळलें कीं त्याच्या फुलांत जिवंत परागच नव्हता. त्यास स्वतःचें बीं धरलें नाहीं. वंश तेथेंच खुंटावयाचा. पण त्याच्या गोंड्यांत फुलांच्या जोडीस बारीक कांदे धरले होते. ते लावून जोन्सनें तें झाड जगविलें. त्या एका वांझ झाडापासून संकरित कांद्याची विद्या निघाली व १९४३ पर्यंत तिचें शास्त्रहि पक्कें झालें. संकरित बीं जोमदार असतें, एकसारखा माल देतें. परंतु त्याच्या पिकाचें बीं धरून उपयोग नाहीं, पुढल्या पिढींत गुण फांकतात. म्हणजे मडकें निरुपयोगी होतें व दर वर्षीं दुकान गांठावें लागतें. महाराष्ट्रांत ह्या बियाचा अद्याप तितका अंमल नाहीं; आजहि कांद्याचें पुष्कळसें बीं शेतकऱ्यांच्या घरचेंच असतें. पुणे जिल्ह्यांतच राजगुरुनगर येथें १९९८ पासून असलेल्या सरकारी कांदा व लसूण संशोधन संस्थेनें 'भीमा' नांवाच्या ज्या जाति काढल्या त्यांतील कित्येक बीं घरीं धरतां येईल अशाच आहेत; आणि २००१ च्या कायद्यानें शेतकऱ्याचा बीं राखण्याचा, पेरण्याचा व देण्याघेण्याचा हक्क मान्य केला आहे.

ह्यानंतरचा कांद्याचा इतिहास बाजाराचा व राजकारणाचा असून तो सर्वांस परिचित आहे. लासलगांवची बाजार समिति १९४७ ची. चाकणच्या कांदा उत्पादकांच्या गाऱ्हाण्यांतून १९७९ सालीं शरद जोशी ह्यांची शेतकरी संघटना उभी राहिली. आणि १९८० व १९९८ च्या निवडणुकांत कांद्याच्या भावानें मोठमोठ्यांचीं आसनें डळमळविलीं. भाव चढला म्हणजे शहर ओरडतें, उतरला म्हणजे शेतकरी माल रस्त्यावर ओततो. ह्या गोंगाटांत बियाचा प्रश्न कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, आणि खरी काळजीची गोष्ट तीच आहे. फुरसुंगीचीं शेतें पुण्याच्या वाढीनें वेढलीं गेलीं. 'पुणे फुरसुंगी' हें नांव बियाच्या पाकिटावर दूरदूरच्या दुकानांतून विकलें जातें, आणि ज्या मातीनें तें नांव मिळविलें तींत इमारतींचे पाये खणले जात आहेत. हमरस्त्यावरच्या प्रत्येक गांवाची वाट हीच आहे, आणि कापूरहोळ हमरस्त्यावरच आहे. जमीन विकली जाते तेव्हां खरेदीखतांत विहीर, झाडें, वहिवाट ह्यांची नोंद होते. माळ्यावरच्या मडक्याची होत नाहीं. पहिल्या वर्षीं तें मडकें तसेंच राहतें, दुसऱ्या वर्षीं त्यांतलें बीं अर्धें मेलेलें असतें, आणि तिसऱ्या वर्षीं कोणी आठवणीनें पेरलेंच तर वाफा रिकामाच राहतो. किल्ला पडला तर तट उभारतां येतो. पोथी जळाली तर दुसरी प्रत मिळूं शकते. ह्या नाशास मात्र प्रत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं घराणीं अशाच एखाद्या गांवांतून दोन-तीन पिढ्यांमागें शहरांत आलेलीं. त्यांनीं आपल्या वंशावळी छापल्या, कुलवृत्तांत काढले, हें चांगलेंच झालें. त्यांत एक पान आणखी घालतां येईल. गांवीं अजून कोणी वडीलधारी बाई कांद्याचें बीं धरीत असेल तर तिला विचारावें, तें कोठून आलें, कोणत्या महिन्यांत पडतें, रंग कोणता, किती महिने टिकतें. आणि मूठभर बीं मागून घ्यावें. अकोल्याच्या डोंगरांतील राहीबाई पोपेरे ह्यांनीं असेंच विचारीत, मागत, वाटीत देशी बियांचा ठेवा उभा केला व २०२० सालीं पद्मश्रीचा मान मिळविला. त्याकरितां त्यांस कोणत्याहि विद्यापीठाच्या पदवीची गरज पडली नाहीं. मिळालेलें बीं उन्हांत नव्हे, सावलींत वाळवून, घट्ट झांकणाच्या डब्यांत, थोडी कोरडी राख घालून ठेवावें, वर साल लिहावें, आणि त्याच वर्षीं दिवाळीच्या सुमारास पेरावें. गच्चींतल्या कुंड्यांत शुद्ध बीं पुन्हां धरणें साधेलच असें नाहीं, कारण शेजारच्या गच्चीचा भरंवसा कोण देणार? म्हणून कांहीं कांदे ज्या गांवाचें बीं त्या गांवीं परत बियास लावावयास द्यावे. देणाराहि घर, घेणाराहि घर, आणि मधें दुकान नाहीं, ह्याच रीतीनें तो मध्य आशियापासून येथवर आला आहे.